गरम बोनट

धान मंडीत न्यायला जुना छोटा पिकअप घ्यायचा होता. चालवणार मीच; पण गोंदियाचा दलाल सगळं नवऱ्यालाच सांगत होता. "भाईसाब, एकदम मक्खन इंजिन है."

गाडी सावलीत उभी होती, तरी बोनटला हात लावताच चटका बसला. सकाळी सुरू होताना ती किती खोकते, ते आम्हाला कळू नये म्हणून त्यानं आधीच तापवून ठेवली होती.

"थंडी होऊ द्या. मंग चालू करून पाहीन." मी त्याचीच खुर्ची ओढून गाडीसमोर बसले.

नवरा कुजबुजला, "चाल, लोक पाहून राहिले."

"बैल जुंपून पाहूनच घेता ना तुमी? मंग गाडी काऊन नाही?"

चहा आला. प्यायले, पण हलले नाही. शेवटी दलाल म्हणाला, "मॅडम, दूसरी दिखाता हूँ." पहिल्यांदाच माझ्याशी बोलला.

"पहिले हीच चालू करा."