याडीच्या बाह्या

कंपनीने मला माणसं सांभाळायचं शिक्षण दिलं ते पडद्यावरून. बंगळूरचा एक साहेब दर आठवड्याला लॅपटॉपवर उगवायचा आणि समजावून सांगायचा, जपानी माणसाला कार्ड दोन्ही हातांनी द्यावं, जर्मन माणसाला वेळेच्या आधी भेटावं. मी दारव्हा रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून ऐकायची. आधी ते सोयाबीनचं गोदाम होतं, अजून वास गेलेला नव्हता. माझ्यासमोर ना जपानी ना जर्मन. माझ्यासमोर शाळेचे शर्ट शिवणाऱ्या बायका होत्या. निम्म्या तांड्यावरच्या बंजारा, निम्म्या गावातल्या बौद्ध वस्तीतल्या, चार इकडच्या तिकडच्या. त्या एकमेकींपासून जितक्या लांब होत्या, तितकं जपानही लांब नसेल. पण हे त्या साहेबाला सांगणार कोण?

आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही ते कुठे माहीत होतं. मी यवतमाळचीच. पुण्याला कपड्यांच्या कारखान्यात नोकरी करून परत आलेली. मले-तुले बोलता येतं म्हणजे इथली माणसं कळतात, अशी माझी समजूत होती. घरच्या माणसांनाच आपण ओळखत नाही आणि निघाले जिल्हा ओळखायला.

तांड्यावरच्या बायकांत एक नवी सून होती. बारावी झालेली. हाताला अशी सफाई की तिच्या हातची कॉलर नुसती बघत राहावी. ती कामावर यायची ती एकाच अटीवर, चुलत सासू सोबत असेल तर. तांड्यावर थोरल्या बाईला याडी म्हणतात, म्हणजे आई. शेडमध्ये आम्ही सगळेच त्या सासूला याडी म्हणायचो. याडी सहा नंबरच्या मशीनवर बाह्या जोडायची आणि सून तिच्या मागच्या मशीनवर बसायची. याडी आली तर सून येणार, याडी तूर सोंगायला शेतात गेली की माझी सगळ्यात चांगली कारागीरही घरी.

एका दुपारी सून माझ्या टेबलाशी आली. याडी डबा धुवायला बाहेर गेली होती, म्हणून पदर मागे सारलेला. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "म्याडम, मले कटिंग शिकवान काय?"

कापड कापायचं काम आमच्याकडे पुरुषच करायचे, तेही नागपूरहून आणलेले मास्तर. मी म्हटलं, "शिकवीन की. आधी मशीनची एक लाइन सांभाळून दाखव." ती एवढी हसली की मलाच लाज वाटली, मी काय असं मोठं देऊन टाकलं होतं? त्या दिवसापासून ती जेवणाच्या सुट्टीत कटिंगच्या टेबलापाशी उभी राहून मास्तरांचे हात बघायची. गळ्यात टेप अडकवून कापडाच्या थप्पीवर खडूने रेघ मारायला मिळावी, बाईला तेवढंच हवं होतं. घरापासून, शेतापासून लांब, स्वतःच्या हाताची एक रेघ.

मी तिला एका लाइनची मुख्य केलं, याडीही त्याच लाइनला. दुसऱ्या लाइनला बौद्ध वस्तीतली एक ताई होती. तिच्या पोटात एक ओठावर एक असं कधीच नसायचं. विहारातल्या बैठकीत उभं राहून बोलायची तिला लहानपणापासून सवय. तिचं म्हणणं, चूक तोंडावर सांगितली म्हणजे समोरच्याला माणूस मानलं. मागून झाकून घेणं म्हणजे त्याला कमी लेखणं. मला हे पटायचं. आजही पटतं, आणि तोच तर सगळा वांधा आहे.

कंपनीचा नियम असा होता की बिघडलेला शर्ट चहाच्या वेळी तारेवर चिमट्याने लटकवायचा, लाइनच्या मुख्य बाईने मशीनचा नंबर सांगायचा आणि जिच्या हातून बिघडला तिने उभं राहून काय झालं ते सर्वांना सांगायचं. साहेब याला मोकळेपणा म्हणायचा. ताईच्या लाइनचे शर्ट रोज तारेवर दिसायचे. ताई नंबर पुकारायची, बायका उभ्या राहायच्या, हसायच्या, कधी भांडायच्या, पुन्हा कामाला लागायच्या. सुनेच्या लाइनचा एकही शर्ट तारेवर नसायचा.

कारण मला लवकरच कळलं. याडीची नजर उतरली होती. बाहीची शिलाई काखेशी सरकायची. सून ते शर्ट गुपचूप बाजूला ठेवायची आणि सगळ्या जेवायला बसल्या की बाह्या उसवून पुन्हा शिवायची. सासरच्या थोरल्या बाईची चूक सुनेने काढायची नसते, तिच्यासमोर मोठ्याने बोलायचंही नसतं. मग काही सांगायचंच झालं तर ती मशीनला सांगायची. "काय व मशीन, आज सुई सरकून राह्यली वाट्टे." पुढे बसलेली याडी ते ऐकायची, मान न वळवता कापड जरा जवळ धरायची. आपल्याकडे लेकी बोले सुने लागे. इथे सून मशीनला बोलायची आणि सासू सुधारायची. मला गंमत वाटायची. काम चोख जात होतं, मी कशाला बोलू?

पण एक दिवस ताई समोर येऊन उभी राहिली. "म्याडम, काल माह्या लाइनीतल्या म्हातारीले सगळ्यायसमोर उभं केलं. तिचा शर्ट लटकला. मंग तिकडचा काहून नाई लटकत? तिकडं काय कोनी चुकतच नाई?"

मी म्हटलं, "अगं, त्या आधीच नीट करून घेतात."

"लपून कराचं ना थे? आमच्यासाठी एक नियम न दुसऱ्यायसाठी दुसरा, हे आमच्या मायबापानं लई पाह्यलं म्याडम. इथं नाई चालू देनार."

तिच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते. साहेबाला विचारलं तर तो पडद्यावरून म्हणाला, नियम सर्वांना एक, सांगायचं थेट पण आदराने. थेट आणि आदराने! एका घरात जो आदर तो दुसऱ्या घरात अपमान असतो, मग मी कुठल्या घरचा आदर उचलू? त्याचा धडा पुढच्या आठवड्यात होता बहुतेक.

मी सुनेला बोलावलं. "उद्यापासून सगळे शर्ट तारेवर लावायचे."

"याडीचा बी?"

"सगळ्यांचाच."

"म्याडम, म्या उसवून नीट करून देतो ना. एक बी पीस खराब जात नाई."

"मला माहीत आहे. पण दुसऱ्या लाइनला काय सांगू मी?"

तिने कटिंगच्या टेबलाकडे बघितलं. "बरं," म्हणाली. मी तो होकार समजले. तांड्यावरच्या सुनेचं 'बरं' म्हणजे होकार नसतो, तिच्याकडे दुसरा शब्दच नसतो.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिने शर्ट लटकवला. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. चिमटा दोनदा खाली पडला. "सहा नंबर," असं ती म्हणाली, तेही ऐकू येईल न येईल असं. शेडमध्ये कुणी हसलं नाही.

याडी उठली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने शर्ट तारेवरून काढला, घडी केली, माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि चपला घालून बाहेर पडली. तिच्यामागे तांड्यावरच्या बायकांनी एकेक मशीन बंद केलं. सून सर्वांत शेवटी उठली. तिने मशीनवर कापड नीट अंथरलं, कडा ओढून घेतल्या, रोज संध्याकाळी करायची तसंच. माझ्याकडे वळून बघितलं नाही.

ताई माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता. "म्याडम, मले हे नव्हतं पायजे. म्या फक्त नियम मांगतला."

"तू बरोबरच होतीस," मी म्हटलं. आणि ती खरंच बरोबर होती. चूक कुणाची ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही, आणि ज्या गोष्टीत चूक कुणाचीच नसते ती दुरुस्त तरी कशी करायची?

अर्धी शेड रिकामी. शाळा उघडायच्या आत शर्ट गेले नाहीत तर शेडला कुलूप, असं साहेबाने सांगितलं. मी स्कूटी काढून तांड्यावर गेले. तांड्याचा प्रमुख म्हणजे नायक, त्याच्या ओसरीवर मला बसवलं. "आव, बेस," म्हणत सतरंजी टाकली. याडी भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्या पाया पडले. हे धड्यात नव्हतं, आपोआप घडलं. म्हटलं, "याडी, चुकलं. तार काढून टाकली मी."

नायक शांतपणे म्हणाला, "आमचं भांडन नाई बाई. तांड्याचा मान राह्यला, झालं. बायका उद्यापासून येतीन."

मला एवढं हायसं वाटलं की मी जवळजवळ उठलेच. मग विचारलं, "आणि ती?"

नायकाने याडीकडे बघितलं. याडी म्हणाली, "म्या तिले काईच म्हनलं नाई. थेच म्हनते, म्या नाई जात."

खरं असेल. खोटं असेल. मला कधीच कळणार नाही, कारण तेवढ्यात ती चहा घेऊन आली. घुंगट गळ्यापर्यंत. कप माझ्यापुढे ठेवला. मी खाली वाकून विचारलं, "कटिंग शिकायचं होतं ना तुला? मी शिकवते. परत ये."

ती थांबली. मला वाटलं आता बोलेल. पदराआडून तिचं तोंड माझ्याकडे नव्हतं, दाराच्या चौकटीकडे होतं. चौकटीलाच ती म्हणाली, "चहा थंडा होऊन राह्यला."

मग आत गेली.

दुसऱ्या दिवशी तांड्यावरच्या बायका खरंच आल्या. याडी सहा नंबरवर बसली, जसं काही झालंच नव्हतं. साहेबाने पडद्यावर माझं कौतुक केलं, म्हणाला, हा प्रसंग फार छान हाताळलात. मी लॅपटॉप बंद केला आणि संडासात जाऊन रडले. शेड वाचली, शर्ट वेळेत गेले, ताईशी बोलणं पूर्ववत झालं. एक माणूस तेवढं हरवलं आणि त्याचा कुणाला हिशेबच नाही. तांड्यावर विचारलं तर म्हणतात, घरी आहे, मजेत आहे. असेलही.

याडीची बाही अजून काखेशी सरकते. नजर आता आणखी उतरली आहे. सगळ्या जेवायला बसल्या की मी ते शर्ट घेऊन सुनेच्या मशीनवर जाऊन बसते, बाह्या उसवते आणि पुन्हा शिवते. माझी शिलाई तिच्याइतकी सरळ येत नाही. ताई बघते. आता तीही गप्प राहायला शिकली, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

काल याडी सुट्टीतून लवकर परतली. माझ्या हातात तिचा शर्ट होता. मी मान खाली घातली आणि मशीनला म्हटलं, "काय व, सुई सरकून राह्यली वाट्टे."

याडी तिच्या जागेवर जाऊन बसली. कापड डोळ्यांजवळ धरलं आणि हळूच बाही जोडायला लागली.