लवंगेचा वास

दारू सोडून नऊ दिवस झाले होते आणि मी लवंग खाऊन कामावर गेलो. आमची अक्कल ही एवढी. बारा वर्षं घरातून निघताना दारूचा वास मारायला दोन लवंगा दाढेखाली धरायची सवय. दारूबरोबर लवंगही सोडायची असते, हे डोक्यातच आलं नाही.

साकीनाक्याला आमच्या कारखान्याच्या गेटवर रोज माझं तोंड हुंगलं जायचं. सगळ्यांचं नाही. पिणाऱ्यांच्या यादीतल्या चौघांचं. वॉचमन सावंत, आमच्याच देवगडकडचा, नजर चुकवून म्हणायचा, “कर बाबा, हा कर.” मी ‘हा’ करायचो आणि वर विचारायचो, “काल भरीत होतं. ओळखलंस?” लाइन हसायची. मीही हसायचो. चाळिशी उलटलेला, दोन पोरींचा बाप, रोज सकाळी जबडा वासून लोकांची करमणूक करायचो आणि स्वतःला मोठा विनोदी समजायचो.

त्या दिवशी सावंत थबकला. मागे पर्सोनेल ऑफिसर उभे. वय अठ्ठावीस फार तर. कडक इस्त्रीचा शर्ट.

“कसला वास?”

“लवंग, साहेब.”

“म्हणजे प्यायलाय. नाहीतर लवंग कशाला लागते?”

“नाही साहेब, नऊ दिवस...”

“चालून दाखव.”

आवारात ट्रकसाठी पांढरा पट्टा मारलेला होता. त्याच्यावरून. जाणारी पाळी थांबली, येणारी पाळी थांबली. दारू सोडली की सुरुवातीला हातपाय कापतात. प्यायलेला असतो तर सरळ चाललो असतो, बारा वर्षांचा सराव. कोरडा होतो म्हणून झोक गेला. कुणीतरी शिट्टी मारली. मी काहीतरी गमतीचं बोलायला गेलो. ते सोडून पट्ट्याच्या टोकापर्यंत तसाच चालत गेलो.

साहेब सभ्य. शिवी दिली नाही. एवढंच म्हणाले, “तुम्ही लोक सुधारणार नाही. जा, कामाला लाग.”

तुम्ही लोक. याच साहेबांच्या दिवाळी पार्टीत सोडा ओतायला मला बोलावलं होतं. ‘याला बरोबर अंदाज असतो,’ म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी त्यांची फियाट याच गेटातून आत आली. सावंतने सलाम ठोकला. फियाटची काच खाली करून ‘हा करा’ म्हणायची कुणाची टाप?

संध्याकाळी सुटलो तो पाय थेट गुत्त्याकडे वळले. दारात उभा राहिलो आणि हात आपोआप खिशात गेला. लवंगा आहेत का बघायला. प्यायच्या आधी प्यायल्यानंतरची तयारी! पुडी हाताला लागली. पुडीच्या कागदावर अक्षर होतं. कुर्ल्याच्या फ्रान्सिसचं. आमच्या कारखान्यातला म्हातारा टर्नर, एकेकाळी माझ्याहून पट्टीचा पिणारा. महिन्यापूर्वी त्याने मला चिठ्ठी दिली होती. ‘घाटकोपर, स्टेशनजवळची शाळा, दुसरा मजला. दर गुरुवारी सात वाजता.’ मी त्या चिठ्ठीत लवंगा बांधल्या होत्या.

गुरुवारच होता.

शाळेच्या दारात शिपाई. “मीटिंग कुठे आहे हो?”

“कसली?”

“असते ना... ती.”

“दारूवाल्यांची? मग सरळ बोला ना! दुसरा मजला, चौथी ब!” जिन्यावरच्या सगळ्यांना कळलं.

चौथी ब मध्ये बारा-तेरा बाप्ये पोरांच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसलेले. फळ्यावर तेराचा पाढा. एक रिक्षावाला, एक बँकेतला, कोपऱ्यात फ्रान्सिस. एकेक जण उठायचा, आपण दारुडे आहोत म्हणायचा, किती दिवस झाले ते सांगायचा. माझी पाळी आली. विनोद तयार होता. तो गिळला.

“मी दारुडा आहे. नऊ दिवस.”

“बस, भाऊ,” रिक्षावाला सरकत म्हणाला.

झालं. कुणी उठून हुंगलं नाही. नऊ म्हटलं, नऊ धरले. पोरींच्या डोक्यावर हात ठेवून खोट्या शपथा खाल्लेला माणूस मी. घरात माझा शब्द मीच मातीत घातला होता, ते कबूल. पण गेटवर? तिथे माझा शब्द कुणी कधी मागितलाच नव्हता. तोंड मागितलं होतं. आणि मी ते रोज उघडून दिलं, वर हसवलंही. त्या बाकावर मला स्वतःची चीड आली. मग गेटवरच्यांची.

शुक्रवारी सकाळी गेट. “कर बाबा, हा कर.”

“नाही.”

साहेब आले. “तोंड उघड.”

“वास घ्यायचा तर सगळ्यांचा घ्या, साहेब. आधी गाडीतून येणाऱ्यांचा. मी लाइनीत शेवटी उभा राहतो.”

कुणी हसलं नाही. सावंत जमिनीकडे बघत राहिला. तासाभरात हातात कागद पडला. आठ दिवस सस्पेंड. सही केली. आठ दिवसांनी याच गेटवर येणार होतो आणि पुन्हा नाहीच म्हणणार होतो.

घरी बायको दारात. डबा घ्यायच्या निमित्ताने तीही बारा वर्षं वासच घ्यायची. तिला सगळं सांगितलं. लवंगांसकट. तिने पुडी मागितली, लवंगा मसाल्याच्या डब्यात ओतल्या, चिठ्ठी माझ्या हातात परत दिली.

मग म्हणाली, “आजपासून मीही हुंगणार नाही. प्यालात की नाही, ते तुम्हीच सांगायचं. पण खोटं बोललात, तर साहेबाने आठ दिवस बाहेर ठेवलंय, मी कायमचं ठेवीन.”