एकाच नावाचे तिघे

आमचे आजेसासरे वारले आणि त्यांच्या तिन्ही मुलांनी आपापल्या थोरल्या मुलाला त्यांचंच नाव ठेवलं. मान पहिला कुणाचा, यावर कोणी माघार घेईना. बरं, तिघं निघालेही असे की अख्ख्या रत्नागिरीला ठाऊक. एक नावाजलेले वकील, दुसरे वैद्य, आणि तिसरे गणिताचे मास्तर, म्हणजे आमचे हे. वकिलांचं घर बाजारात, वैद्यांचं आमच्याच आवारात.

वैताग किती सांगू? वकिलांचे अशील भांडणं घेऊन आमच्या ओटीवर बसत. नापास पोराचा बाप वकिलांना बोलून येई. वकिलांच्या सत्काराचा हार एकदा वैद्यांच्या गळ्यात पडला, आणि त्यांनी तो काढलाही नाही. आम्हां जावांना तर घोळ निस्तरायचीही सोय नव्हती, कारण नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. देवाला हजार नावं, त्यांतलं एखादं दुसरं सापडलं नाही का, असं मी एकदा सासूबाईंना विचारलं. नाव चालवलं की माणूस घरात राहतो, असं त्या म्हणाल्या. मी कपाळावर हात मारला.

पूर्णगडाला पटकीची साथ आली तेव्हा वैद्यभावजी औषधं घेऊन गेले. शाळेला सुट्टी होती म्हणून हेही मदतीला गेले. आठवडाही झाला नसेल, एका तांडेलानं आमच्या बंदरावर निरोप टाकला की अमके अमके पटकीनं गेले, आणि मचवा तसाच मुंबईकडे हाकारला. सांगितलं ते नुसतं नाव.

लोक आधी धावले वकिलांकडे, कारण तिघांत गाजलेले तेच. वकील तोंडाला साबण लावून दारात आले आणि आपल्याच दुखवट्याला जमलेली माणसं बघून भडकले. मग सगळा घोळका आमच्या घरापुढच्या खळ्यात येऊन नुसता उभा राहिला.

वैद्यांची बायको, माझी जाऊ, माझ्या ओटीवर येऊन बसली. शेजारणी आळीपाळीनं आमच्या दोघींच्या बांगड्यांकडे बघत होत्या. मला त्यांचा संताप आला, तांडेलाचा आला, आजेसासऱ्यांचाही आला. मी मनात देवाला काय सांगत होते ते मला ठाऊक. शेजारी बसून जाऊबाई तेच सांगत असणार.

तिन्हीसांजेला आवाराच्या दाराशी, बेड्याशी, हे दिसले, एकटेच. जाऊबाई उठल्या.

"तुमचे आले. आंघोळीला पाणी ठेवा," एवढंच म्हणाल्या आणि आपल्या घरी गेल्या.

पुढे काही वर्षांनी त्यांना नातू झाला. बारशाआधी मी हात जोडून सांगितलं, दुसरं कुठलंही नाव ठेवा. त्यांनी तेच ठेवलं. मी इतकी चिडले की बारशाचा घास मला गोड लागला नाही.

पोर चालायला लागलं तेव्हाची गोष्ट. एका दुपारी ते घरामागच्या नारळीच्या आगरात कुठे तरी लपलं. जाऊबाईंनी खळ्यात उभं राहून हाक मारली. जन्मात कधी उच्चारलं नव्हतं ते नाव, पुरं आणि मोठ्यानं. आमच्या ओटीवरून यांनी सवयीनं ओ दिली. मी हातानंच यांना गप्प केलं.

जाऊबाईंनी पुन्हा हाक मारली. मग पुन्हा. पोर केव्हाच येऊन त्यांच्या पायाशी उभं राहिलं होतं.