बहिरूभाऊंनी पुजलेली गिटार

बहिरू गांगुर्डे अकरा वर्षं माझे शेजारी होते, पण मी त्यांना ओळखत होतो असं म्हणायला जीभ रेटत नाही. घोटीकडच्या त्यांच्या गावी मी कधी गेलो नाही. त्यांना भाऊ किती, हेही मला त्यांच्या दहाव्याला कळलं. मला लिहिण्याची सवय नाही. तरी एका दिवाळीबद्दल लिहून ठेवावंसं वाटतं, कारण आमचं खरं बोलणं झालं ते तेव्हाच.

ते सातपूरला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. निवृत्त झाल्यावरही घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा व्हाइस, कानशी, मायक्रोमीटर सगळं जागच्या जागी असे. खंडेनवमीला ते हे सगळं पुसून मांडत, ओल्या हळदकुंकवाची बोटं ओढत आणि झेंडूचे हार घालत. त्या वर्षी त्या रांगेत त्यांनी मुलीची गिटारही ठेवली.

योगिनीनं ती पहिल्या पगारातून घेतली होती. तेव्हा "शिकून सवरून हे खेळणं आणलं व्हय?" असं ते बोलून गेले. त्यानंतर तिनं त्यांच्यासमोर कधी वाजवली नाही. पुढे ती नोकरीला बेंगळुरूला गेली आणि गिटार कपाटावर राहिली. हे मला त्यांच्या पत्नीनं, मंगलावहिनींनी सांगितलं.

दिवाळीला चार दिवस असताना बहिरूभाऊ गिटार चादरीत गुंडाळून माझ्या ओट्यावर आले.

"भाऊसाहेब, मी घाण करून ठेवली."

ओला हार तीन दिवस तारांवर राहिला होता. तारा गंजल्या होत्या. खालच्या काळ्या पट्टीवर हळद आणि कुंकू सुकून बसलं होतं.

"पोरगी धनतेरसला येती. गिटार घेऊन जायची म्हणती. ही बघितली तर वाटंल, बापानं मुद्दाम केलं."

गिटारीतलं मला काहीच कळत नव्हतं, आजही कळत नाही. पण मोबाइलवरचं इंग्रजी वाचता येत होतं. मी वाचायचं आणि त्यांनी करायचं, असं ठरलं.

"पाणी लावायचं नाही," मी वाचलं.

"मग तेल? स्पिंडल ऑइल हाय माझ्याकडं."

"मशीनचं तेल अजिबात नको."

"मग काय नुसती फुंकर मारू?"

मंगलावहिनी चहा ठेवत म्हणाल्या, "माझ्या हळदीला येवढी काळजी नव्हती केली कुणी!"

तारा एकदम सोडायच्या नव्हत्या, थोड्या थोड्या सैल करायच्या होत्या. त्यांनी खुंट्या इतक्या हळू फिरवल्या की मला मध्येच डुलकी लागली. मग कोरड्या टूथब्रशनं एकेक कण झाडला. कॉलेज रोडच्या दुकानातून आम्ही नव्या तारा आणि पट्टीला लावायचं तेल आणलं. दोन थेंब लावायचे आणि लगेच पुसायचे, असं मी तीनदा वाचून दाखवलं. मला भीती वाटत होती, आपण चुकीचं वाचलं तर?

सगळं निघालं. फक्त मानेच्या टोकाला, तारा जिच्यावरून जातात ती पांढरी पट्टी पिवळीच राहिली. त्यांनी बारीक कानस उचलली.

"दहा मायक्रॉन घासतो. कळणारबी नाय."

"तार खाली बसली तर खरखरते, असं लिहिलंय."

कानस बराच वेळ त्यांच्या हातात होती. मग त्यांनी ती पुसून खाली ठेवली.

योगिनी आली त्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. मी दारापाशीच बसलो. तिनं गिटार मांडीवर घेतली आणि तिची नजर नेमकी तिथेच गेली.

"बाबा, हे पिवळं काय?"

ते माझ्याकडे पाहू लागले. मी माझ्या चपलांकडे पाहिलं.

"खंडेनवमीला पुजली."

"व्हाइसच्या शेजारी?"

"मग? ती माझी हत्यारं, हे तुझं."

ती सूर लावायला लागली. तारा सारख्या उतरत होत्या. "नव्या तारेला बसायला वेळ लागतो," बहिरूभाऊ जाणकारासारखे म्हणाले. तिनं मान खाली घालून हसू लपवलं आणि मग वाजवलं. काय वाजवलं ते मला सांगता येणार नाही. बहिरूभाऊ संपेपर्यंत उभे होते.

जाताना तिनं गिटार नेली नाही. "पुढच्या वेळी नेते. तोवर महिन्यातून एकदा पुसा. आणि हळद माझ्या कपाळाला लावा, तिला नको."

त्यांनी दर महिन्याला पुसली. फेब्रुवारीत एका सकाळी, शेडमध्ये बसल्या जागीच ते गेले. आदल्या दिवशी फाटकापाशी भेटले होते.

"भाऊसाहेब, पुसायला जुना बनियन हाय का एखादा? सुती?"

"असेल की. शोधतो."

"धुतलेला द्या बरं का."

"उद्या आणून देतो."

"आणा. लय घाई नाय."