सही नसलेले शरणप्पा

कर्नाटकच्या सीमेवरच्या आम्हा आळंदच्या पेंटरांचे किस्से संपता संपत नाहीत. पूर्वी पाट्या रंगवायचो, आता फ्लेक्स छापतो. हातांना काम कमी झालं, तोंडांना नाही!

शरणप्पा आणि मल्हारी पेंटरांची दुकानं समोरासमोर आणि बोलणं बंद. एका किराणा दुकानाची पाटी दोघांना मिळाली. कन्नड शरणप्पांनी लिहिलं, मराठी मल्हारीअण्णांनी. दोघांनी सह्या इतक्या मोठ्या ठोकल्या की गिऱ्हाईक विचारायचं, "दुकान शरणप्पाचं का मल्हारीचं?"

*

शरणप्पा गेले. दुकान आवरताना त्यांच्या बायकोला, गंगक्कांना, आरशामागं पेन्सिलीचं चित्र सापडलं. पाटीवर वाकलेले शरणप्पा, जीभ दातात धरलेली. हुबेहूब! पण सही नाही. आमच्यात लोक डबड्यावरही सही करतात!

गंगक्का म्हणाल्या, "एवढ्या मायेनं ह्यांच्याकडं कोण बघत व्हतं, मला कळलंच पायजे. वर्षाच्या पूजेला त्याचं नाव लिहून लावीन."

*

सिद्राम पेंटर लगेच पुढं. "म्याच काढलंय!"

अक्कांनी कागद-पेन्सिल दिली. "ह्यांचा नुसता कान काढून दाव."

सिद्रामनं पट्टीनं चौकटी आखल्या आणि हात पुढं केला. "फोटो द्या की!"

आम्ही पोट धरून हसलो. आम्ही सगळेच फोटोवर चौकटी मारून चेहरे काढणारे. या चित्रात एकही चौकट नव्हती. कुणीतरी समोर बघूनच काढलं होतं.

*

मी चित्र घेऊन शरणप्पांच्या दुकानाबाहेर सगळीकडं उभा राहून पाहिलं. तो अँगल जुळला फक्त मल्हारीअण्णांच्या पायरीवर!

"अण्णा, तुम्ही काढलंय का?"

"त्याचं थोबाड म्या कामून काढू? दुसरं काम न्हाई व्हय मला?"

खरं सांगतो, मला वाईट वाटलं. अक्का रोज विचारायच्या.

*

पूजेच्या दिवशी चित्र लागलं, खाली नावाची जागा कोरी. तेवढ्यात मल्हारीअण्णा रस्ता ओलांडून आले. कित्येक वर्षांत पहिल्यांदा! त्यांनी अक्कांपुढं एक जुना कागद उलगडला. खुर्चीत झोपलेले मल्हारीअण्णा, तोंड उघडं, चष्मा कपाळावर. सही नाही.

"माझ्या दाराखालून कुणीतरी सरकवलं व्हतं. हात कुणाचा, ओळखा बघू."

अक्का बघत राहिल्या. मग पदरानं डोळे पुसत हसल्या. "ह्यांचाच की! पण अण्णा, दोघांनीबी सही कामून केली न्हाई?"

"कशी करावी अक्का? बोलणं बंद व्हतं न्हवं का!"