सतरा नंबरची डिस्क

अत्तारीनच्या आमच्या गल्लीत दोनच माणसं दिवसभर चटके खात. इस्त्रीचे मी आणि सोल्डरिंगच्या सळईचे समोरचा उस्ता वग्दी. उस्ता म्हणजे कसबी कारागीर, पण तेवढ्यावर त्याचं समाधान नव्हतं. "मी कॉम्प्युटरच्या डिस्कांचा डॉक्टर आहे, बयूमी," असं तो मला ऐकवायचा.

"डॉक्टर कसला, सुईण तू! अडलेल्यांना सोडवतोस," मी म्हणायचो. मग तो मला पेचकस फेकून मारायचा आणि मीच तो उचलून परत द्यायचो.

बायको जाऊन बारा वर्षं झाली तरी मिशा काळ्याभोर ठेवायचा. गल्लीतल्या दोन विधवा धडधाकट रेडिओ बिघडलेत म्हणून त्याच्याकडे घेऊन येत, असं मी सांगत फिरायचो. एक खरोखर येत होती. दुसरी मी रचलेली.

पण हात मात्र सोन्याचा. त्याच्या भरभराटीच्या दिवसांत पोर्ट सईदहून परदेशातल्या वापरलेल्या डिस्का पोत्यांनी यायच्या. वग्दीचा नेम ठरलेला. परक्याच्या डिस्कवर भरवसा नाही. आधी ती पार पुसायची, तिच्यावरच्या रेषा नव्याने आखायच्या, मग गिऱ्हाइकाला द्यायची. डाव्या हातात चहाचा ग्लास, उजवा हात कळांवर आणि डोळे रस्त्यावर. मशीन विचारायचं, खरंच पुसू? तो न बघताच हो दाबायचा. तीस वर्षं, हजारो डिस्का.

गेल्या वर्षापासून मला तो माझ्या मेलेल्या बापाच्या नावाने हाक मारू लागला. चहात मीठ घातलं. मी त्यावर नकला केल्या आणि गल्ली हसली. एके दिवशी त्याची मुलगी नर्मीन औषधांच्या दुकानातली काम आटोपून माझ्याकडे आली. मला ती अम्म म्हणते, म्हणजे काका.

"अम्म बयूमी, बाबांवर जरा लक्ष असू द्या. दुकान बंद केलं तर घरात बसून रडतात. आणि कुणाला सांगू नका हं."

"मी? मी कशाला सांगतोय?"

"म्हणूनच तर हात जोडतेय."

हिवाळ्यातल्या एका सकाळी अब्ला इन्साफ टॅक्सीतून एक अवजड जुनं मशीन घेऊन उतरल्या. अब्ला म्हणजे शाळेतल्या बाई; अर्ध्या गल्लीला त्यांनी शिकवलंय, माझे कान तर दोन्ही हातांनी पिळलेत. त्यांचे यजमान लबीब बंदरात कारकून होते. कोळ्यांचे शब्द, माशांची, वाऱ्यांची, होडीच्या फळ्यांची नावं त्यांनी चौदा वर्षं जमवली आणि कोशासारखी अक्षरवार या मशीनमध्ये लिहिली. कागदावर कधी काढली नाहीत, शेवटचं अक्षर पुरं झालं की छापू म्हणायचे. त्या अक्षराआधीच गेले.

"ते अक्षर मी लिहिणार आहे, उस्ता," अब्ला म्हणाल्या. "पण हे सुरूच होत नाही. दुसरी प्रत नाही कुठे."

वग्दीने झाकण काढलं. मीही इस्त्री उभी करून डोकं खुपसलं. डिस्क फिरतच नव्हती. त्याने ती तळहातावर घेतली, कान लावला आणि बरणीचं झाकण उघडावं तसा मनगटाला एक झटका दिला. आत चिकटून बसलेलं काहीतरी सुटलं आणि डिस्क गुणगुणू लागली.

"सुईण!" मी ओरडलो.

"गप रे! अब्ला, आता दुसरं दुखणं. आपली डिस्क कुठल्या मापाची, ते हे मशीन एका छोट्या बॅटरीच्या जोरावर लक्षात ठेवतं. ती मेलीय. मापाचा नंबर आपण सांगायचा. चुकीचा सांगितला तर ते डिस्क ओळखणार नाही."

"मग बरोबर कुठला?"

 डिस्क वग्दीनेच बसवलेली, पण कधी? त्याने डोळे मिटले. मला वाटलं, आता चहात मीठ. पण तो म्हणाला, "सतरा. लबीबसाहेबांना सतरा नंबरची दिली होती."

त्याने सतरा दाबलं. पडदा जरा वेळ काळाच राहिला. मग फायली एकीखाली एक उतरू लागल्या, प्रत्येक अक्षराची एक. अब्लांनी एक उघडायला लावली, पहिली ओळ मोठ्याने वाचली आणि चष्मा काढून पुसला.

"आजच प्रत काढून घेऊ," वग्दी म्हणाला. "फ्लॉपी माझ्याकडच्या कुजल्यात."

"घरी आहेत, कोऱ्या. अर्ध्या तासात आणते."

त्या गेल्या. मी माझ्या शर्टांकडे वळलो. मधे एकदा बघितलं तर वग्दीच्या हातात चहा होता, डोळे रस्त्यावर, आणि पडद्यावर आकडे एकेक करून वाढत होते.

"काय उस्ता, जोरात चाललंय!" मी ओरडलो.

"चाललंय, चाललंय," त्याने ग्लास उंचावला.

मला वाटलं, प्रत निघतेय. फ्लॉपी तर अजून यायच्या होत्या. एवढंही माझ्या टाळक्यात आलं नाही.

अब्ला धापा टाकत आल्या. वग्दी उठून उभा राहिला, चेहऱ्यावर जुना रुबाब. "घ्या! धुऊन पुसून नवी केलीय. एक ओरखडा नाही."

"आणि फायली?"

"कसल्या फायली? कोरी आहे. आता तुम्ही भरा."

अब्लांनी माझ्याकडे पाहिलं.  मग त्या रिकाम्या पडद्याकडे वळल्या. वग्दी हसऱ्या तोंडाने शाबासकीची वाट बघत होता.

"हाताला बरकत राहो, उस्ता," त्या म्हणाल्या.

मशीन मी उचललं. त्यांच्या जिन्यात तिसऱ्या मजल्यावर दम लागला तेव्हा म्हणालो, "अब्ला, आकडे पळत होते तेव्हा मी समोरच होतो. ओरडून त्याला शाबासकी दिली मी."

"तुला काय कळणार होतं त्यातलं? शाळेत तरी कुठे कळायचं." मग हळूच, "त्याला सांगू नकोस. कधीच."

नर्मीनला मात्र मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने दुकानाला कुलूप लावलं. आता वग्दी गच्चीत बसतो, तिथून मला हाक मारतो. "बयूमी, अब्लांचं मशीन चालतंय ना?"

"घोड्यासारखं," मी सांगतो. त्याने माझं नाव बरोबर घेतलं या आनंदात मी दिवसभर राहतो, आणि त्याचीच लाज वाटते.

शुक्रवारी अब्लांकडे चादरी पोचवायला गेलो. मशीनवर कापड टाकलेलं होतं.

"बयूमी, तो चपटा, पोटाखाली पिवळा मासा रे, मेक्सच्या किनाऱ्यावरचे कोळी त्याला काय म्हणतात?"

मी सांगितलं.

"ते एक झालं. लबीबकडे त्याची चार नावं होती." त्या बोटांवर मोजत राहिल्या. "दुसरं मला माहीत आहे. उरलेली दोन ज्यांना येत होती, ते कोळीही गेले."