भाऊसिंग हवालदारानं आग्रह बंद केला

भाऊसिंग हवालदार बावीस वर्षं पलटणीत काढून आमच्या आसेगावात परत आला, तेव्हा सगळ्यात आधी त्याच्या म्हशींना शिस्त लागली. उंचीप्रमाणे एका रांगेत पाण्यावर जात. मधली जरा रेंगाळली, की हा मागून ओरडे, "कदम मिलाके!" आणि खोटं कायले सांगू, ती खरंच पाय उचले. आम्ही पारावर बसून पोट धरून हसायचो. पण माणूस मोठा सरळ. दुसऱ्याला सांगायचं काम आधी स्वतः करून दाखवणार. नालीतला गाळ काढा म्हणाला, तर फावडं घेऊन पहिला नालीत तोच.

आमच्या मारुतीच्या भंडाऱ्याला रोडगे असतात. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. पहिली पंगत पाहुण्यांची आणि बाप्यांची, शेवटची बायांची. तीन वर्षं झाली, बायांची पंगत बसेपर्यंत टोपल्यांत नुसता चुरा उरायचा. यंदा देवळातल्या बैठकीत कस्तुराबाई उभी राहिली. दरवर्षी कणीक मळणाऱ्या साऱ्या बाया तिच्या शब्दात.

"औंदा आमच्या पंगतीले रोडगा पुरला नाई, तर पुढच्या वर्षी कणीक तुमची अन् हातही तुमचे. आमी येत नाई."

सगळे बापे सतरंजीची नक्षी पाहू लागले. भाऊसिंग तेवढा उठला. "जिम्मेदारी माझी, कस्तुराबाई."

"तुमची जिम्मेदारी खाता येते का हो?" तिनं विचारलं. बाया खदखदून हसल्या.

दोन दिवस हा गडी घरोघरी चौकशी करत फिरला. तिसऱ्या दिवशी आम्हा आठ वाढप्यांना देवळासमोर रांगेत उभं केलं. सगळे साठीच्या पुढचे. सावधान म्हटल्यावर दोघांचे गुडघेच वाजले.

"रोडगे कमी पडत नाईत," तो म्हणाला, "पत्रावळीत फेकल्या जातात. पाव्हणा नको म्हणते, तुमी हातावरून दोन टाकता, अन् मग ते माझ्या म्हशी खातात. दुश्मन कोन? आग्रह! उद्या भंडाऱ्यात एकदाच विचाराचं. नको म्हनला, की आगे बढ."

मी म्हटलं, "अरे भाऊसिंग, माझे ईवाई येऊन राह्यले केनवडहून. लेकीचा सासरा आहे तो."

"ईवाई असो का जनरल, हुकूम एकच."

भंडाऱ्याच्या दिवशी पहाटेच त्यानं स्वतः कढया घासल्या. मग गळ्यात शिट्टी. एक शिट्टी वरण, दोन भाजी, तीन रोडगे. पहिली पंगत बसली आणि आम्ही असे सुटलो, की काय सांगू! "रोडगा?" "नको नको." पुढे. "रोडगा?" "बस्स, झालं." पुढे. माझ्या ईवायांना, रामरावांना, मीच विचारलं. त्यांनी रीतीप्रमाणे पत्रावळीवर हात आडवा धरला, "नको, पोट भरलं." मी पुढे गेलो. मागे वळून पाहिलं, तर हात तसाच आडवा आणि तोंड उघडं. हा माणूस सात रोडगे सहज खाणारा! आमच्याकडं पहिला 'नको' म्हणजे फक्त रामराम असतो, जेवण तिसऱ्या 'नको'नंतर सुरू होते. हे पलटणीत कोणी शिकवलं नसावं.

"दहा मिनिटांत पंगत उठली!" भाऊसिंग भरलेल्या टोपल्या पाहून फुलला होता. तेवढ्यात मंगरूळपीरचा मुनाफ धावत आला. मंडप आणि भांडी त्याचीच.

"हवालदारसाब, केनवडवाले जीपमधी बसून राह्यले! सब के सब भुके हैं!"

आम्ही धावलो. रामराव पुढच्या सीटवर तोंड फिरवून बसलेले. "पंधरा सालाची सोयरीक," ते मला म्हणाले, "अन् तुमी मले एकदाच विचारता? एकदा तर भिकाऱ्यालेही विचारतात!"

गावकरी माझ्यावरच उसळले. "अक्कल हाये का तुले?" एकजण म्हणाला. भाऊसिंगनं जोरात शिट्टी मारली.

"वाढप्यांले कोनी बोलाचं नाई. हुकूम माझा, चूक माझी." आणि जीपसमोर ताठ उभा राहिला. "रामरावजी, चाला जेवाले."

"मले भूक नाई."

कोणी म्हणालं, पाहुण्यांची पंगत पुन्हा बसवा, चांगला आग्रह करा. मी टोपल्यांकडं पाहिलं. केनवडवाल्यांना आग्रह झाला, की बायांना पुन्हा चुराच. कस्तुराबाई कंबरेवर हात ठेवून उभी होती. भाऊसिंगनं आधी तिच्याकडं पाहिलं, मग टोपल्यांकडं.

"बायांची पंगत बसवा, आत्ताच," तो म्हणाला. "पाव्हणे त्याईच्याच समोरच्या रांगेत. आग्रह खुला. पण आधी बायांच्या रांगेत, मंग पाव्हण्यांच्या. वाढपी शेवटी, उरलं तर."

"मले भूक नाई," रामराव पुन्हा म्हणाले, पण एक पाय खाली आला होता. मुनाफनं हात धरला, "चलो ना, चाचा." तिसऱ्या नाहीला ते पंगतीत होते.

त्या पंगतीची मजा काय सांगू! बायांना आग्रह होण्याची सवयच नाही. कस्तुराबाईनं लाजून हात आडवा धरला, तर भाऊसिंगनं बोटांच्या फटीतून रोडगा सारला. "अवं, बस झालं, हवालदार!" "कस्तुराबाई, हुकूम आहे!" अख्खी रांग हसून हसून ठसकत होती. बायांचं होईस्तोवर रामराव टोपलीवर नजर ठेवून मुकाट बसले, मग सहा खाल्ले. सातवा उरलाच नाही. आम्ही आठही वाढपी आणि भाऊसिंग वाट्यांनी वरण प्यायलो. तोंड कोणाचंच वाकडं नव्हतं.

हात धुऊन कस्तुराबाई समोर आली. "कणीक मळतो आमी पुढच्या वर्षी. पन बाया पयल्या पंगतीले बसतीन."

देवळाचे पुढारी घसे खाकरू लागले. भाऊसिंगनं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. "कोनाले काई म्हनाचं हाये?"

कोणी काही बोलायच्या आत परत निघालेल्या जीपमधून रामरावांचा आवाज आला, "मले हाये! माझी पत्रावळ त्या पयल्या पंगतीतच मांडजा!"